ठरल्या वाराला येणारी गाडी

एचआयव्ही तपासणीची फिरती गाडी महामार्गावर असावी, हे सरकारनं मान्य करून पुष्कळ वर्षं झाली. ती किती वाजता उभी राहावी, या प्रश्नाकडे मात्र अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. मी सहा वर्षं अशा एका गाडीवर समुपदेशक होतो. धुळे-सोलापूर रस्त्यावरचा गेवराई ते येरमाळा हा आमचा पट्टा. गाडी साडेदहाला निघायची, अकरा-साडेअकराला एखाद्या ढाब्यावर लागायची, चारला परत फिरायची. पाचच्या आत ती आवारात लावून किल्ली जमा करायची, असा नियम होता. ज्यांच्यासाठी ती गाडी होती, ते लांब पल्ल्याचे ड्रायव्हर ढाब्यावर यायचे रात्री नऊनंतर. जेवायचे, बाजेवर नाहीतर केबिनमध्येच पाठ टेकायचे आणि पहाटे तीन-चारला स्टार्टर मारून निघायचे. आम्ही पोचायचो तोवर त्यांनी सोलापूर मागं टाकलेलं असायचं.

दुपारी ढाब्यावर भेटायचे ते भांडी घासणारे कामगार, पंक्चरवाला, शेजारच्या वस्तीवरची चार माणसं. त्यांचं रक्त तपासून आमचा महिन्याचा आकडा भरायचा. तो कमी पडतोय असं दिसलं की एखाद्या कॉलेजात शिबिर लावायचं. तिथं एका दिवसात महिन्याची तूट भरून निघे. अहवाल वर जायचा, वरून शाबासकी यायची. त्या अहवालांवर माझीही सही आहे, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारी मला माझी वाटते.

गाडी रात्री यावी, ठरल्या जागी यावी, ठरल्या वाराला यावी आणि पुन्हा पुन्हा यावी, एवढंच मला सांगायचं आहे. मराठवाड्यात कोणत्याही खेड्यातल्या माणसाला विचारा, कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो हे तो झोपेत सांगेल. बांगड्यांवाला, मिरचीवाली, विळा-कोयत्याला धार लावणारा हे सगळे त्या वाराला त्याच झाडाखाली बसलेले असतात. एका बाजारी पैसे कमी पडले तर पुढच्या बाजारी देता येतात, कारण दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की समोरचा पुन्हा येणार आहे. आरोग्याच्या गाडीकडं हा भरवसा कधी आलाच नाही. ती आज इथं, परवा तिथं, मार्चमध्ये बंद आणि १ डिसेंबरला, म्हणजे जागतिक एड्स दिनाला, फुगे लावून हजर.

"आता कुठं राहिलाय एड्स?" असं मला गावाकडं नेहमी विचारतात. विचारणाऱ्यांत शिकलेली माणसंही असतात. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. २०१० च्या तुलनेत २०२३ पर्यंत वर्षाला होणाऱ्या नव्या लागणी ४४ टक्क्यांनी घटल्या, ही खरोखर मोठी कमाई आहे. प्रौढांमधलं प्रमाण आता ०.२ टक्क्यांच्या आसपास आलं आहे. पण हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे. २०१७ च्या सर्वेक्षणात लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमधलं प्रमाण ०.८६ टक्के निघालं होतं. त्या वर्षी सर्वसाधारण प्रौढांत ते ०.२२ टक्के होतं. म्हणजे जवळपास चौपट. आजार मागं हटला तो ज्यांच्यापर्यंत आपण पोचलो त्यांच्यातून. रस्त्यावरचा माणूस अजून पुरता हाताला लागलेला नाही.

माझा चुलतभाऊ ट्रकवर होता. २००२ मध्ये गेला. घरात सगळ्यांनी 'टीबी होता' असंच सांगितलं, आजही तसंच सांगतात. सरकारी केंद्रांतून मोफत औषध सुरू झालं १ एप्रिल २००४ ला. वहिनीला ते मिळालं, ती आज शेतात राबते, नातवंडं सांभाळते. दोन वर्षांचं अंतर पडलं, एवढंच. त्या काळात प्रत्येक तालुक्यात अशी घरं होती आणि गावानं त्यांच्याशी जी वागणूक ठेवली ती मी विसरू शकत नाही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये बाधित मुलांसाठी 'सेवालय' उभं केलं. ती मुलं शाळेत आली तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली होती. बीडजवळ पालीला दत्ता बारगजे यांचं 'इन्फंट इंडिया' हेही अशाच मुलांचं घर आहे. या दोन्ही घरांतली पोरं कुठून आली, याचा माग काढत गेलं की पुष्कळदा एखादा रस्ता लागतो, एखादी गाडी लागते, एखादा ऊसतोडीचा हंगाम लागतो.

आता त्या रात्रीच्या माणसाकडं येतो. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ मध्येच कायदा झाला आणि त्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा लिहिलेली होती. ती पाळली जाते असा एकही ड्रायव्हर मला भेटला नाही. चौदा-सोळा तास गाडी चालवणाऱ्या माणसाला 'सरकारी दवाखान्यात जा, ओपीडी नऊ ते एक' असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. त्याला लघवीची जळजळ होते, फोड येतो, गाठ येते, आणि तो जातो कुठं? रस्त्याकडेला जडीबुटीचा तंबू असतो तिथं. आपण त्या तंबूवाल्याला भोंदू म्हणून मोकळे होतो. तो भोंदू आहेच. पण तो रात्री दहाला जागा असतो, नाव-गाव विचारत नाही, औषध हातात देतो आणि पुढच्या खेपेला त्याच लिंबाखाली सापडतो. गरमी-परम्याचं खरं औषध सरकारकडं फुकट आहे, लक्षणांप्रमाणे ठरवलेली वेगवेगळ्या रंगांची किट आहेत, आणि हे आजार अंगावर काढले तर एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो हेही पक्कं माहीत आहे. इतकं सगळं आपल्याकडं असून गिऱ्हाईक तंबूत जातं. यात त्या ड्रायव्हरची चूक मला दिसत नाही.

आम्ही एकदा वरच्यांना विनवण्या करून तीन महिने रात्रीची परवानगी काढली. बुधवार ठरला. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका ढाब्यावर, रात्री साडेआठ ते साडेबारा. पहिल्या बुधवारी अकरा जण आले, तेही बीपी मोजायला. दुसऱ्या बुधवारी ढाब्याच्या मालकांनीच हाळी दिली, "जा रं मामा, बीपी बघून या, फुकट हाय." पाचव्या-सहाव्या बुधवारी लोक गाडीची वाट बघू लागले. हैदराबादकडं कांदा नेणारा एक जण मुद्दाम बुधवार साधून थांबायचा, त्याला शुगर निघाली होती. त्याच्याबरोबरचा क्लीनर, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, चार बुधवार नुसता गाडीच्या दारात उभा राहून गेला. पाचव्या बुधवारी आत आला आणि म्हणाला, "ती दुसरी तपासणी बी करा." चार आठवडे त्यानं आम्हाला पारखलं होतं. एका दिवसाच्या शिबिरात तो पोरगा कधीच सापडला नसता.

पुन्हा येणं केवळ विश्वासासाठी लागतं असंही नाही. खुद्द आजाराचीच ती मागणी आहे. विषाणू अंगात शिरल्यावर बोट टोचून केलेल्या साध्या चाचणीत तो दिसायला वेळ लागतो, त्याला विंडो पीरियड म्हणतात आणि तो तीन महिन्यांपर्यंत धरतात. गेल्या आठवड्यात धोका पत्करलेल्या माणसाला आज 'निगेटिव्ह' असा कागद देऊन गाडी निघून गेली तर त्या कागदानं भलतंच नुकसान होतं. तो बिनघोर होतो. त्याला तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं, आणि तीन महिन्यांनी तिथं कुणीतरी असायला हवं.

त्या तीन महिन्यांतली एक रात्र मला अजून झोपू देत नाही. साधारण पस्तिशीचा ड्रायव्हर, आमच्याच जिल्ह्यातला. चाचणीवर लागणीची खूण उमटली. नियमानुसार एका चाचणीवर निकाल सांगायचा नसतो; केंद्रात वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या होऊन मगच तो पक्का होतो, आणि हा नियम योग्य आहे. पण आमच्या गाडीत फक्त पहिली चाचणी होती. पुढचं केंद्र सकाळी उघडणार होतं. मी त्याला अर्धा तास समजावलं. तो ऐकत होता, मधेमधे फोन वाजत होता. शेवटी म्हणाला, "माल उतरवून येतो साहेब, शेठचे फोन यायलेत." मी नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी फोन लागला नाही, नंतर तो नंबरच बंद झाला. आठ महिन्यांनी गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत एका बाईचा निकाल पॉझिटिव्ह आला. नवऱ्याला बोलावलं तेव्हा समोर तोच माणूस उभा होता. त्याच्या बायकोला ती लागण कधी झाली, आमच्या भेटीआधी की नंतर, हे कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र एवढं कळतं की त्या रात्री आमच्या गाडीत तंत्रज्ञ आणि तिन्ही चाचण्या असत्या, तर तो निकाल घेऊनच खाली उतरला असता.

म्हणून माझी मागणी फिरत्या पूर्ण केंद्राची आहे. टोचून-खूण-बघून सोडून देणारी गाडी अर्धवट काम करते, आणि या कामात अर्धवटपणाची किंमत घरातली बाई मोजते. निकाल पक्का करणारी यंत्रणा आत असावी, आणि ड्रायव्हरच्या गावाजवळच्या एआरटी केंद्राशी, म्हणजे एचआयव्हीचं औषध जिथं मिळतं तिथं, त्याच रात्री फोनवर बोलून सकाळची वेळ ठरवणारा माणूस असावा. २०१७ पासून धोरणच असं आहे की निकाल आला की लगेच औषध सुरू करायचं, पांढऱ्या पेशी किती उरल्यात याची वाट पाहायची नाही. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी लागते. ती नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत मोजण्याइतकाही उरला नाही, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे विज्ञानानं पक्कं केलेलं सत्य आहे. हे एक वाक्य प्रत्येक ढाब्याच्या भिंतीवर असायला हवं होतं. आपल्याकडं भिंतीवर कवटी आणि हाडं रंगवली गेली. ती बघून वाढलेली पिढी तपासायला घाबरते, तर नवल काय?

वेळेनंतर जागेचा प्रश्न. लोकांच्या लक्षात येत नाही, पण गेल्या आठ-दहा वर्षांत गाड्या थांबायच्या जागाच बदलल्या. पूर्वी शहराच्या तोंडाशी जकात नाके असत, राज्याच्या सीमेवर विक्रीकराचे नाके असत. तिथं गाड्या तासन्‌तास उभ्या राहत आणि आरोग्याचं काम करणाऱ्यांना माणूस आयता भेटे. जकात गेली, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्याचं चौपदरीकरण झालं, बायपास निघाले आणि गावातले जुने ढाबे ओस पडले. कन्नडजवळच्या औट्रम घाटात २०२३ पासून जड वाहनांना बंदी आली आणि रात्रीच्या रात्री त्या गाड्या दुसऱ्या वाटांनी वळल्या. जालना आणि छत्रपती संभाजीनगरमधून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आला, तिथं जुन्या अर्थानं ढाबाच नाही. तरीही कुठं थांबायचं याची आमच्या हातातली यादी जुनीच होती. देहविक्रीच्या भेटीगाठी फोनवर ठरू लागल्या, हा आणखी एक बदल. ढाब्याच्या मागच्या बाजूला नजर ठेवून आता काही हाती लागत नाही.

मग गाडीनं उभं राहावं कुठं? जिथं ड्रायव्हरला थांबणं भाग आहे तिथं. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांबाहेर माल भरायला नंबर लावून गाड्या उभ्या असतात. लातूरच्या मार्केट यार्डात तूर आणि सोयाबीनच्या हंगामात तेच. वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत तेच. या जागी दिवसाही गाडी चालेल, कारण ड्रायव्हरकडं तिथं रिकामा वेळ असतो आणि करायला काही नसतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी पंजाबी ड्रायव्हर मुद्दाम वाट वाकडी करून येतात. तिथं समुपदेशकाला हिंदी-पंजाबी यायला हवी. उमरगा हैदराबाद रस्त्यावर, तिथं कन्नड आणि तेलुगू. माझ्याबरोबरच्या एका चांगल्या समुपदेशकाला केवळ भाषेपायी हात बांधून बसावं लागलेलं मी पाहिलं आहे.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते साखर कारखान्याच्या यार्डाबद्दल. हंगामात रात्री कोणत्याही कारखान्यावर जाऊन बघा. ऊस टाकायच्या गव्हाणीपुढं ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्यांची रांग लागलेली असते. दहा-दहा, पंधरा-पंधरा तास नंबर येत नाही. ड्रायव्हर ट्रॉलीखाली गोधडी टाकून निजतात, शेकोट्या पेटतात, चहाच्या टपऱ्या रात्रभर चालू. हजारो माणसं, हातात वेळ, आणि पाच-सहा महिने तीच जागा. फिरत्या दवाखान्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. तरी महामार्गाच्या कार्यक्रमात ट्रॅक्टरवाला बसत नाही, कारण तो 'लांब पल्ल्याचा ट्रकचालक' नाही, आणि स्थलांतरितांच्या कार्यक्रमात तो बसेलच असं नाही, कारण तो फडात राहत नाही. नियमांच्या दोन चौकटींच्या मधल्या फटीतून माणसं अशी निसटतात.

आणि यार्डाच्या पलीकडं, पालांवर, बाया. बीड, धाराशिव, जालना, परभणीतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोड्या निघतात. एक नवरा, एक बायको, मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. या बायांच्या अंगावरून जाण्याच्या, पोटदुखीच्या तक्रारी वर्षानुवर्षं कुणी ऐकल्या नाहीत; २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली तेव्हा त्या तक्रारींचा शेवट कुठं होतो हे सगळ्यांना दिसलं. एका पालावर एक ताई मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, पुरुषांची गाडी आली, आमची कव्हा येणार?" मला उत्तर देता आलं नाही. गाडीत सिस्टर हवी, पडदा हवा, तपासणीचं टेबल हवं. एचआयव्हीचं बोलणं त्या पडद्याआड, पोटदुखीच्या बोलण्यातूनच निघेल. नवऱ्याची तपासणी करून बायकोला विसरणारा कार्यक्रम लागण थांबवू शकत नाही, हे गरोदर बायांच्या निकालांवरून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

अशा गाडीनं ड्रायव्हरवरच ठपका बसतो, हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. 'ट्रकवाल्यांनी एड्स पसरवला' हे वाक्य आपणच, म्हणजे जनजागृती करणाऱ्यांनीच गावोगाव नेलं. त्यापायी ड्रायव्हर पोराला मुलगी देईनात. शेठ लोक तपासणीचा कागद मागू लागले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीशिवाय तपासणी करायला आणि निकाल फोडायला मनाई केली, नोकरीतला भेदभाव बेकायदा ठरवला. पण महामार्गावर हा कायदा कुणाला ठाऊक आहे? आमच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी एड्सची खूण असलेली भली मोठी लाल फीत रंगवलेली होती. तिची पायरी चढणारा माणूस पन्नास जणांच्या नजरेत भरायचा. त्या पट्ट्यात आम्हाला 'एड्सची गाडी' म्हणत. मी तीन वेळा लेखी सुचवलं की ती फीत काढा, 'वाहनचालक व कामगार आरोग्य तपासणी' एवढंच लिहा. उत्तर आलं नाही. बीपी, शुगर, नजर, कंबर, मूळव्याध हे ड्रायव्हरचे रोजचे आजार आहेत. त्यांच्यासाठी गाडी आली तर तो येतो, आणि आत आल्यावर एचआयव्हीची तपासणी इतर तपासण्यांसारखी एक होते. ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया फाउंडेशननं 'आवाहन' या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यक्रमाच्या काळात ट्रकतळांवर 'खुशी' नावानं दवाखाने चालवले. नावातच आजार नव्हता. एवढा साधा शहाणपणा आपण पुढं का नेला नाही, हे मला आजवर समजलेलं नाही.

खर्चाचं म्हणाल, तर रात्रीच्या गाडीला जास्तीचं डिझेल लागत नाही. रात्रपाळीचा भत्ता लागेल, सिस्टरच्या सोबतीला एक माणूस लागेल, ढाबेवाल्याशी आणि पोलीस ठाण्याशी आधी बोलून ठेवावं लागेल. खरा बदल हिशेब ठेवण्यात करावा लागेल. आज गाडीचं काम मोजतात ते किती जणांचं रक्त घेतलं यावर. त्याऐवजी विचारा, किती जण दुसऱ्यांदा आले? खूण उमटलेल्यांपैकी किती जण एआरटी केंद्रात नावनिशी पोचले? त्यांच्या घरची माणसं तपासली का? हे आकडे लहान असतील. महिन्याला पाच, सात. वरच्या बैठकीत ते पडद्यावर दिमाखदार दिसणार नाहीत. पण त्या पाच-सातांत माझ्या त्या ड्रायव्हरचं नाव असेल.

आमचा बुधवार तीन महिन्यांनी बंद झाला. परवानगीची मुदत संपली, आकडे 'अपेक्षेपेक्षा कमी' भरले. नंतर दोन-तीन बुधवार ढाब्याच्या मालकांचा मला फोन यायचा, कुणीतरी कोपऱ्यात थांबलंय म्हणून. मी त्यांना १०९७ हा मोफत हेल्पलाइनचा नंबर सांगायचो आणि फोन ठेवायचो.

दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पंधरा दिवसांत टोळ्या हलायला लागतात. जिल्हा एड्स नियंत्रण पथक, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि साखर कारखाने यांची एक बैठक त्याआधी व्हायला हवी. ऑगस्टमध्ये झाली तर उत्तम, कारण सिस्टर आणि तंत्रज्ञाच्या नेमणुकीला दोन महिने जातात. बैठकीत एकच कागद ठरवावा: कोणत्या यार्डात कोणता वार, किती ते किती. आणि तो वार यार्डाच्या काट्यापाशी, जिथं प्रत्येक गाडी वजनाला थांबते तिथं, मोठ्या अक्षरात रंगवावा.